लाकूड कुजवतं कोण?

अमेरिकेच्या ईशान्य भागात शंभर वर्षांचं जुनं घर घेतलं, की बेसमेंटच्या खिडकीशी गाठ पडतेच. चौकटीच्या खालच्या पट्टीवरचा रंग फुगलेला असतो आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की सहज आत जातं. आपली पहिली शंका वाळवीवर. पण बरेचदा हे काम बुरशीचं असतं.

बुरशीला अन्न, हवा, ऊब आणि पाणी लागतं. पहिल्या तीन गोष्टी घरातून काढता येत नाहीत. उरतं पाणी. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी मुरलं, की पेशींच्या भिंतींत आणखी जागा उरत नाही; पुढचं पाणी पोकळ्यांत साचतं. तेव्हा बुरशीचं फावतं. ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर लाकूड टिकतं.

तपकिरी कूज करणाऱ्या बुरशीची एन्झाइम्स पेशीभित्तिकेत शिरण्याइतकी लहान नसतात. म्हणून ती हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. लोहाशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात आणि ती सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. मागे उरतं तपकिरी लिग्निन. लाकडाचं वजन फारसं घटण्याआधीच ताकद गेलेली असते, म्हणून नुसतं बघून अंदाज येत नाही.

याला ‘ड्राय रॉट’ म्हणतात, पण कूज ओल्या लाकडातच सुरू होते. आपल्याला ते सापडतं वाळल्यावर!

म्हणून दुरुस्तीची सुरुवात बाहेरून करा. पन्हळीचं पाणी घरापासून दूर सोडा. जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार द्या. खिडकीबाहेरच्या खड्ड्यातली माती-पानं काढून खडी भरा. मग लाकूड वाळू द्या आणि मॉइश्चर मीटरने खात्री करा. त्यानंतर भुसभुशीत भाग पटाशीने काढून, बोरेटचं द्रावण लावा. ते वाळल्यावर इपॉक्सीची लांबी भरा. ओल्या लाकडावर इपॉक्सी भरली तर पाणी आत कोंडतं आणि कूज चालूच राहते.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. पायाच्या भिंतीवरची आडवी तुळई मऊ लागली, तर तिच्यावर घराची भिंत उभी आहे. अनुभवी सुताराला बोलवा. आणि घर १९७८ पूर्वीचं असेल, तर रंगात शिसं असू शकतं. तपासणीआधी तो कोरडा घासू नका. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.