मोटारीची बॅटरी आणि नवीं उपकरणें

मोटार विकत घेतली, कीं तींत कांहींना कांहीं भर घालावी असें मालकाला वाटूं लागतें. धुक्यांतून घाट चढणाऱ्याला जादा दिवे हवे असतात. कोणाला मोठ्या आवाजाचा भोंगा, तर कोणाला समोरील रस्त्याचें चित्रण करणारा छोटा कॅमेरा हवा असतो. हीं उपकरणें जोडणें वरवर पाहतां सोपें दिसतें : एक तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला, कीं दिवा लागला ! परंतु दिवा लागणें निराळें आणि जोडणी निर्धोक असणें निराळें. हा भेद न ओळखल्यामुळें धडधाकट मोटारीलाही आग लागूं शकते.

बॅटरी अवघी १२ व्होल्टांची. कोरड्या हाताला तिचा धक्का जाणवत नाहीं. म्हणून ती निरुपद्रवी असा समज होतो. वस्तुतः धोका तिच्या दाबांत नसून ती देऊं शकते त्या प्रवाहांत आहे. शिसें व गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तोन प्लांते यानें १८५९ सालीं तयार केली. तिचा अंतर्गत अवरोध अत्यल्प असल्यामुळें इंजिन फिरविण्यासाठीं ती क्षणभर शेंकडों अँपियर प्रवाह देते. ऋण टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेलें असतें. अशा वेळीं धन टोकाकडून आलेली तार घासून उघडी पडली व सांगाड्याला टेकली, तर तसाच प्रचंड प्रवाह तिच्यांतून लोटतो. तार लाल होते आणि वेष्टन पेट घेतें.

यावर उपाय फ्यूजचा. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठीं असतो असें अनेकांस वाटतें. खरें पाहतां तो तारेचा रक्षक आहे. म्हणून तो दिव्यापाशीं न बसवितां बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आंत बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तारेला राखणारा कोणीच नसतो. ती जितकी आंखूड तितकी बरी.

फ्यूज केवढा असावा, हें साध्या भागाकारानें कळतें. ५५ वॉटांचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट. त्यांस १२ नीं भागलें, कीं सुमारें ९ अँपियर येतात. त्यासाठीं १५ अँपियरांचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार योग्य. १ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर चार मीटरांतच सुमारें ०.६ व्होल्ट खर्ची पडतो. दिवे मंदावतात आणि तेवढी शक्ति तार तापविण्यांत जाते. फ्यूज वारंवार वितळतो म्हणून त्या जागीं मोठा घालणें म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणें होय. दोष शोधावा, फ्यूज वाढवूं नये.

हा ९ अँपियरांचा प्रवाह लहानशा बटणांतून नेणेंही इष्ट नव्हे. त्यासाठीं रिले वापरतात. बटण रिलेच्या वेटोळ्याला अल्प प्रवाह देतें आणि जड प्रवाहाचा मार्ग रिले उघडतो. त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून आलेली तार व ८७ ला दिव्यांची तार जोडावी. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं टोकें.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो पाव अँपियरच घेतो असें मानलें, तरी अहोरात्र चालूं राहिल्यास दिवसाला ६ अँपियर-तास खर्च होतात. ४८ अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांत अर्धी रिकामी होते, आणि सकाळीं इंजिन सुरू होईनासें होतें. असें उपकरण किल्ली फिरविल्यावरच ज्याला वीज मिळते अशा मंडलाला जोडावें.

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वीं अंगठी काढावी आणि ऋण टोक प्रथम सोडवावें. काम संपल्यावर तें सर्वांत शेवटीं जोडावें. मग पाना सांगाड्याला लागला, तरी ठिणगी उडत नाहीं. बॅटरींतून हायड्रोजन निघत असल्यामुळें ठिणगी तेथें विशेष घातक. कित्येक जुन्या इंग्रजी मोटारींत मात्र धन टोकच सांगाड्याला जोडलेलें असे. तेव्हां खुणा पाहूनच आरंभ करावा. आधुनिक मोटारींत ऋण टोकावर प्रवाहमापक असेल, तर उपकरणाची परतीची तार त्या टोकाला न लावतां सांगाड्याला लावावी.

दिवा लागला कीं नाहीं, हें कोणीही पाहतो. तार कोठें घासते आणि फ्यूज कोठें आहे, हें जो पाहतो, त्याचीच मोटार सुखरूप घरीं येते.