हमालांचं शहर आणि बंदीचा पैसा

मुंबईतल्या गुन्हेगारीचा विषय निघाला की बोट आधी ‘बाहेरून आलेल्यां’कडे जातं. पण या शहरात बाहेरून कोण आलं नाही? 1856 मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीतून सूत निघू लागलं आणि त्यानंतरची शंभर वर्षं कोकणातली, घाटावरची माणसं पोटासाठी इथं उतरत राहिली. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खाणावळीत जेवायचं, उरलेले पैसे मनिऑर्डरनं गावी धाडायचे.

पण माणसं आली म्हणून टोळ्या झाल्या नाहीत; टोळ्यांना भांडवल मिळालं ते बंदीतून. 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि पिंपांत काळा गूळ नि नवसागर कुजू लागला. रबरी ट्यूबांत भरलेली हातभट्टी रातोरात वस्त्यावस्त्यांत पोचू लागली. व्ही.टी. स्टेशनवर हमाली केलेला वरदराजन मुदलियार याच धंद्यात मोठा झाला. पुढं 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सोन्याची बिस्किटं बाळगायलाच मनाई केली. परदेशातल्या नि इथल्या भावांत मोठी तफावत होतीच. दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं खास शिवलेल्या जाकिटाच्या कप्प्यांत ओळीनं बसवून किनाऱ्यावर येऊ लागली. या तस्करीत मोठा झालेला हाजी मस्तानही एके काळी गोदीतला हमाल. वरदराजन आणि मस्तान दोघंही तामिळनाडूतले, हे खरं. पण त्यांच्याबरोबर ओझी वाहणाऱ्या हजारो हमालांनी जन्मभर ओझीच वाहिली, हेही तितकंच खरं. आणि टोळीप्रमुख दाऊद इब्राहिमचे वडील तर मुंबई पोलिसांतच होते, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडचे.

तस्करीच्या सरावाच्या वाटेनंच 1993 मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. 12 मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली.

त्या स्फोटांच्या अकरा वर्षं आधी गिरणगाव उद्ध्वस्त होऊ लागलं होतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने लोटले, भांडी विकली गेली, बायका पापड लाटू लागल्या, कित्येक जण गावी परतले. चाळीतल्या बेकार पोरांसमोर टोळ्यांचा पैसा होता. भायखळ्याच्या दगडी चाळीतला टोळीप्रमुख अरुण गवळी हाही गिरणी कामगाराचाच मुलगा. त्या पोरांना गुन्हेगार म्हणताना त्यांच्या बापांची नोकरी कशी गेली, हे विसरणं अन्यायाचं आहे.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. हजारो गिरणी कामगारांची कुटुंबं मात्र हक्काच्या घराची अजून वाट पाहताहेत.