कोबोल भाषेतील मजकुराचे दशांश संख्येत रूपांतर : एक विवेचन

प्रस्तावना : व्यापारी हिशेबांसाठी 1959 साली आराखडा तयार झालेली कोबोल ही संगणकभाषा बँका व विमा कंपन्यांच्या व्यवहारांत आजही टिकून आहे. बाहेरून येणारी रक्कम बहुधा मजकुराच्या रूपात येते आणि हिशेब मात्र संख्येवर करावा लागतो. या दोहोंतील रूपांतर वरवर क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात रुपये आणि पैसे यांची गल्लत येथेच होते.

गृहीत दशांश चिन्ह : कोबोलमध्ये 9(5)व्ही99 असे वर्णन केलेल्या क्षेत्रात दशांश चिन्ह साठविले जात नाही. ‘व्ही’ हे अक्षर केवळ त्याचे स्थान सुचविते. 125.50 ही रक्कम तेथे 0012550 अशा सात अंकांनीच राहते. आता ‘12550’ हा मजकूर, म्हणजे 12550 पैसे, ‘मूव्ह’ आज्ञेने या क्षेत्रात नेला, तर भाषेच्या नियमानुसार तो पूर्णांक मानला जातो व क्षेत्रात 12550.00 ही किंमत येते. रक्कम शंभरपट झाली, तरी कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही. उलट तीच स्मृतिजागा ‘रीडिफाइन्स’ने दुसऱ्या वर्णनाखाली वाचली, तर 0012550 हे सात अंक 125.50 असेच वाचले जातात. अंक तेच, अर्थ भिन्न. ‘न्यूमेरिक’ ही चाचणी येथे अपुरी ठरते. ‘12550’ ती उत्तीर्ण होते आणि दशांश चिन्ह असलेला ‘125.50’ हा निर्दोष मजकूर मात्र अनुत्तीर्ण होतो.

अंगभूत फलने : 1985 च्या प्रमाणित कोबोलला 1989 साली जोडलेल्या पुरवणीने ‘न्युमव्हॅल’ व ‘न्युमव्हॅल-सी’ ही फलने उपलब्ध झाली. पहिले फलन मोकळ्या जागा, अधिक-उणे चिन्ह व दशांश चिन्ह समजून घेते. स्वल्पविराम त्यास चालत नाही. दुसरे चलनचिन्ह व स्वल्पविरामही स्वीकारते. स्वल्पविरामांमधील अंकसमूह तीन-तीनचेच असावेत असे बंधन त्यात नसल्याने ‘1,23,456.78’ ही भारतीय मांडणीही त्यास वाचता येते. ‘डेसिमल-पॉइंट इज कॉमा’ हे कलम घातल्यास मात्र बिंदू व स्वल्पविराम यांच्या भूमिका अदलाबदल होतात, हे ध्यानात ठेवावे.

अचूकतेचा प्रश्न : काही कंपायलरमध्ये या फलनांचे उत्तर द्विमान तरंगबिंदू स्वरूपात येते. 0.1 सारखा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही. त्यामुळे उत्तर किंचित कमी आले आणि पुढील अंक छाटले गेले, तर एका पैशाची तूट पडू शकते. म्हणून ‘कॉम्प्युट’ विधानात ‘राउंडेड’ लिहिणे केवळ सोयीचे नव्हे, तर आवश्यक मानले पाहिजे.

सदोष मजकुराची तपासणी : ‘12ओ.50’ असा, शून्याऐवजी अक्षर आलेला मजकूर ‘न्युमव्हॅल’ला दिल्यास योग्य उत्तराची हमी नाही. 2002 च्या प्रमाणात ‘टेस्ट-न्युमव्हॅल’ हे फलन समाविष्ट झाले. मजकूर निर्दोष असल्यास ते शून्य देते. चुकीचे अक्षर आढळल्यास त्याचे स्थान, म्हणजे वरील उदाहरणात 3, देते.