वाढदिवसाचा केक : कोणासाठीं आणि कसा?

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून मुलाच्या वाढदिवसाला औक्षण आणि केक हीं दोन्ही आतां शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं आहेत. सकाळीं आजी निरांजन ओवाळते आणि सायंकाळीं बालगोपाळ जमले कीं टेबलावर केक येतो. पूर्वीं तो बेकरींतून तयार आणला जात असे; आतां मुलाच्या आवडीप्रमाणें तो सांगून करवून घेण्याची किंवा घरींच करण्याची रीत पडली आहे. कोणाला आगगाडी हवी असते, कोणाला मोर, तर कोणाला फुटबॉलचें मैदान. परंतु मुद्दाम करविलेल्या केकचें खरें वैशिष्ट्य त्याच्या आकारांत नाहीं. ज्याच्यासाठीं तो केला त्याला तो निर्धास्तपणें खातां यावा, यांत आहे. आगगाडी हुबेहूब साधली, पण ज्याचा वाढदिवस त्यालाच अंड्याचें वावडें असल्यामुळें तो तोंडाकडे पाहत बसला, तर त्या कारागिरीचा उपयोग काय?

या विचाराचा दाखला केकच्या इतिहासांतच सांपडतो. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं आल्फ्रेड बर्ड नांवाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडें आणि यीस्ट या दोहोंचेंही वावडें होतें. तिच्यासाठीं त्यांनीं १८३७ सालीं अंड्यावांचून होणारें कस्टर्ड सिद्ध केलें आणि १८४३ सालीं यीस्टवांचून पीठ फुगविणारी बेकिंग पावडर तयार केली. घरांतील एका माणसाची अडचण दूर करण्यासाठीं केलेली ही खटपट पुढें असंख्य स्वयंपाकघरांच्या उपयोगीं पडली.

केकचें पीठ कशामुळें फुगतें, हें ध्यानांत आलें म्हणजे अंडें वगळणें अवघड राहत नाहीं. अंडें दोन कामें करतें. फेटतांना तें हवेचे बुडबुडे धरून ठेवतें आणि उष्णता लागतांच त्यांतील प्रथिनें घट्ट होऊन केकला आधार देतात. अंडें नसेल तर पहिलें काम दही आणि खाण्याचा सोडा मिळून करतात. दह्यांतील आम्ल सोड्याशीं मिळालें कीं कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो व त्याचे बुडबुडे पीठ वर उचलतात. दुसरें काम मैद्यांतील चिकट प्रथिनाकडे आणि पिष्टमय भागाकडे जातें. उष्णतेनें ते घट्ट होऊन फुगलेलें पीठ तसेंच धरून ठेवतात.

कृति साधी आहे. १ कप गोडसर दही व पाऊण कप साखर एकजीव करावी. त्यांत सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळून चार-पांच मिनिटें थांबावें. मिश्रणावर बुडबुडे दिसूं लागले कीं अर्धा कप तेल व थोडा व्हॅनिलाचा अर्क घालावा. मग दीड कप चाळलेला मैदा थोडा थोडा करून मिसळावा. मैदा पडल्यानंतर फार फेटूं नये. फेटल्यानें त्यांतील चिकटपणा वाढतो व केक चिवट होतो. मिश्रण लगेच तेल लावलेल्या भांड्यांत ओतून, आधींच १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या ओव्हनमध्यें ३५ ते ४० मिनिटें भाजावें. पीठ तयार करून ठेवून दिलें तर वायु निघून जातो. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत दार उघडलें तर केक मध्यें बसतो, कारण तो अजून घट्ट झालेला नसतो. मधोमध टोंचलेली काडी कोरडी निघाली म्हणजे केक झाला असें समजावें.

सजावटीस हात घालण्यापूर्वीं केक पूर्णपणें निवला पाहिजे. लोणी सुमारें ३२ ते ३५ अंशांवर वितळतें. कोमट केकवर लावलेला लोण्याचा थर ओघळणारच. १०० ग्रॅम लोण्यास २०० ग्रॅम पिठीसाखर फेटून केलेला थर मुलांच्या केकला सोयीचा पडतो. मे महिन्यांत मात्र केक कापण्याच्या वेळेपर्यंत शीतकपाटांत ठेवावा. साखरेच्या कणकेचीं चित्रें पावसाळ्यांत हवेंतील ओल ओढून चिकट होतात, म्हणून तीं शेवटींच बसवावींत. रंगासाठीं बिटाचा रस किंवा चिमूटभर हळद वरच्या थरांत मिसळावी, पिठांत नव्हे. बिटाचा रंग भाजतांना मळकट होतो आणि सोडा जास्त झाला तर हळद तांबूस होते. हळदीपासून कुंकू करणाऱ्या घरांना हा गुण अपरिचित नाहीं.

खरा धोका आहे तो चकाकीचा. ऑक्टोबर २०१८ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या. तपासणींत असें आढळलें कीं, केकवर दाट लावलेली सोनेरी भुकटी म्हणजे तांब्याची पूड होती. अशा पुष्कळ भुकट्यांच्या डब्यांवर ‘विषारी नाहीं’ असें छापलेलें असतें. परंतु विषारी नसणें वेगळें आणि खाण्यायोग्य असणें वेगळें. डबीवर घटकद्रव्यांची यादी नसेल व ती खाण्यासाठीं आहे असें स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर ती केकजवळ आणूंच नये. भारतांत खाद्यपदार्थांसाठीं कायद्यानें मोजक्या ८ कृत्रिम रंगांनाच मुभा दिली आहे. मुलाच्या ताटांत जाणारा गडद निळा किंवा काळा थर कशाचा आहे, हें विचारण्यांत संकोच नसावा.

केक बाहेरून करवून घेणाऱ्या आईबापांनीं चित्राआधीं चार गोष्टी सांगाव्यात : मुलाचें वय, घरांतल्यांचीं व पाहुण्या मुलांचीं वावडीं, पाहुण्यांची संख्या आणि कापण्याची वेळ. एक वर्ष पूर्ण न झालेल्या बाळाला मध मुळींच देऊं नये. पांच वर्षांखालील मुलांच्या केकवर अख्खे बदाम-काजू लावूं नयेत, कारण ते घशांत अडकूं शकतात. अंड्याशिवायचा केक दुधाचें वावडें असलेल्या मुलाला चालतोच असें नाहीं. तसेंच अंड्याचा केक फेटलेलें यंत्र नीट न धुतां वापरलें, तरी तीव्र वावडें असलेल्या मुलाला तेवढेंही पुरतें. घरगुती केक विकणाऱ्यांनाही अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं नोंदणी आवश्यक असते. तो नोंदणीक्रमांक विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे.

एवढी काळजी घेऊन केलेला केक थोडा वांकडा झाला, आगगाडीचें एक चाक निसटलें, तरी बिघडत नाहीं. ज्याचा वाढदिवस त्यानें तो कापावा, पहिला तुकडा अंडें न खाणाऱ्या आजीच्या हातांत ठेवावा आणि दुसरा आपण निःशंक खावा. हें ज्या केकनें साधलें, त्याची सजावट पुरी झाली असें मानावयास हरकत नाहीं.