मातीतील दप्तर

इतिहासाचे अध्ययन म्हणजे जुन्या कागदांचे अध्ययन, ही महाराष्ट्रात दृढ झालेली समजूत थोर संशोधकांच्या परिश्रमांवर उभी आहे. राजवाड्यांनी 1898 साली पहिला खंड प्रसिद्ध करून पुढे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांपर्यंत नेली. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रकाशात आले. आणि सनदा, महजर, यादी, जमाखर्च व खलिते यांच्या आधारावर आपल्या गेल्या तीन शतकांचे चित्र रेखाटले गेले. या धनाविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दप्तरात माणूस शिरतो तो सरकारला किंवा सावकाराला त्याचे प्रयोजन पडते तेव्हा. रयत सारा भरते, वतनदार भांडतो, कुणबीण विकली जाते, त्या दिवशी कारकुनाची लेखणी चालते; परंतु ती कुणबीण कोणत्या भांड्यात शिजवीत होती, कशावर निजत होती आणि आपले म्हणून काय जपून ठेवीत होती, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही.

लेखी साधने विपुल असलेल्या काळाकडेही कुदळ आणि चाळण घेऊन जाणारे, आणि गेल्या चारपाचशे वर्षांतील माणसांचे जीवन त्यांच्या वापरातील वस्तूंवरून वाचू पाहणारे जे शास्त्र अमेरिकेत उदयास आले, त्यास ऐतिहासिक पुरातत्त्व म्हणतात. 1967 साली त्याच्या अभ्यासकांची स्वतंत्र संस्था तेथे स्थापन झाली; मात्र त्याची पायाभरणी त्यापूर्वी तीन दशके व्हर्जिनियातील जेम्सटाऊन येथे, इंग्रजांच्या 1607 सालच्या वसाहतीच्या जागी झाली होती. तेथील आरंभीच्या उत्खननात पायाच्या दगडांपासून तीन फुटांच्या आतील माती वास्तुशास्त्रज्ञांनी खणावी आणि त्यापलीकडची पुरातत्त्वज्ञांनी, अशी वाटणी झाली होती. त्यामुळे भिंत आणि तिच्यालगत टाकलेली खापरे यांचा परस्परसंबंध सांगणारे मातीचे थर मधोमध तुटत आणि दोघांच्याही हाती अर्धीच साक्ष येई. वास्तुशास्त्र व मानववंशशास्त्र या दोहोंत शिक्षण झालेले जीन हॅरिंग्टन 1936 साली तेथे रुजू झाले आणि ही हद्द नाहीशी झाली.

याच हॅरिंग्टनांनी या शास्त्राला त्याचे एक अत्यंत मौलिक साधन दिले, आणि तेही लोकांनी सहज फेकून दिलेल्या वस्तूतून. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज ज्यातून तंबाखू ओढीत, त्या पांढऱ्या मातीच्या, लांब नळीच्या चिलमी स्वस्त आणि ठिसूळ असत. त्या विकत घेतल्या जात, फुटत आणि वर्ष-दोन वर्षांत अंगणाच्या कचऱ्यात जात, म्हणून एखाद्या चिलमीचा तुकडा जमिनीत सापडला की ती घडवल्यापासून पुरली जाईपर्यंत फारसा काळ लोटलेला नसतो. हॅरिंग्टनांनी अशा शेकडो नळ्यांच्या छिद्रांत गिरमिटाची निरनिराळ्या जाडीची पाती घालून पाहिली, आणि 1954 साली असा निष्कर्ष मांडला की कालमानाने ही छिद्रे अरुंद होत गेली आहेत. 1620 ते 1650 या काळात एक इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या आठपट असलेले छिद्र 1680 ते 1710 मध्ये सहापट आणि 1750 नंतर चौपट इतकेच उरते. नळी लांब करण्याची रीत वाढत गेली, आणि तशा नळीतून आरपार घालावयाची तार कारागिरास बारीक घ्यावी लागली, असे त्याचे कारण दिले जाते.

1962 साली पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी या निरीक्षणास गणिताचे रूप दिले: सर्व तुकड्यांच्या छिद्रांची सरासरी चौसष्टांशांत काढावी, तिला 38.26 ने गुणावे आणि गुणाकार 1931.85 मधून वजा करावा. सरासरी सहा निघाली तर त्या वस्तीचा मध्यकाळ 1702 च्या सुमारास येतो. हे सूत्र तुकडे पुष्कळ असले तरच विश्वासार्ह ठरते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर ते लागू पडत नाही. तथापि ज्या चिलमीवर नाव नाही, साल नाही, तिच्याकडूनही काळाचा जबाब घेता येतो, हे त्याने सिद्ध केले.

परंतु कालनिर्णय हे या शास्त्राचे केवळ प्रवेशद्वार होय. त्याचे खरे सामर्थ्य अक्षरापासून हेतुपुरस्सर दूर ठेवलेल्या माणसांच्या बाबतीत प्रत्ययास येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावयास शिकविणे हा कायद्याने अपराध ठरविला होता. त्यांच्याविषयीचे कागद मालकांचे, आणि त्या कागदांत गुलाम येतो तो किमतीच्या आकड्यासह. पुरातत्त्वज्ञ चार्ल्स फेअरबँक्स यांनी 1968 साली फ्लोरिडातील किंग्जली मळ्यावर गुलामांच्या खोपटाचे उत्खनन केले, आणि पुढे अनेक मळ्यांवर तशी उत्खनने झाली, तेव्हा मालकाच्या शिध्यापलीकडचे जीवन दिसू लागले. मासे व रानातील प्राणी यांची हाडे सांगू लागली की दिवसभराच्या राबणुकीनंतर ही माणसे आपल्या मुलांसाठी शिकार करीत आणि जाळे टाकीत. व्हर्जिनियातील खोपटांच्या जमिनीखाली स्वतः खोदलेले खळगे सापडले, ज्यांत ती आपले किडूकमिडूक ठेवीत. आणि निळे काचमणी इतक्या ठिकाणी मिळाले की त्यांत आवडीची किंवा श्रद्धेची एक परंपरा अभ्यासकांस मानावी लागली. कायद्याने ज्यांना मालमत्ता ठरविले, त्यांची स्वतःचीही मालमत्ता होती, ही साक्ष मातीने दिली.

न्यूयॉर्कमध्ये तर या साक्षीने एका शहराला आपली स्मृती दुरुस्त करावयास लावली. 1991 साली मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांची विस्मृत दफनभूमी उघडी पडली. कृष्णवर्णीय नागरिकांनी काम थांबविण्याचा आग्रह धरला, चारशेहून अधिक मृतांच्या अस्थींचा अभ्यास झाला, आणि ओझ्यांनी झिजलेल्या सांध्यांवरून त्या नगराचा उत्कर्ष कोणाच्या पाठीवर झाला हे स्पष्ट झाले. 2003 साली त्या अस्थी सन्मानपूर्वक पुन्हा भूमीत ठेवण्यात आल्या.

कागद आणि माती यांचे वैर मात्र मुळीच नाही, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासाने 1624 साली शिराझ येथे ठार करविले, आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी 1627 साली गोव्यात आणून आपल्या मठात ठेवला. मठातील कोणत्या दालनात, कोणत्या खिडकीजवळ त्या अस्थींची दगडी पेटी आहे हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. परंतु मठ ओस पडला, 1842 साली चर्चचे छत कोसळले आणि ते दालन ओळखू येईनासे झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते अवशेष उकरून वास्तूचा आराखडा पुन्हा जुळविला, तेव्हा 2004 च्या सुमारास तेथे अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या रेणवीय जीवशास्त्र संस्थेत त्यांची डीएनए तपासणी होऊन, मातृवंशाची जी खूण भारतीयांत आढळत नव्हती पण जॉर्जियात आढळत होती, ती त्यांतील एका अस्थीत असल्याचे 2013 साली जाहीर झाले. आणि 2021 साली भारताने त्या अस्थी जॉर्जियास अर्पण केल्या. कागद नसता तर खणावे कोठे हे समजले नसते, आणि खणले नसते तर तो कागद निरुपयोगीच राहिला असता.

महाराष्ट्रात या दृष्टीचे बीज नाही असे नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या स्मरणार्थ दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती आणि भांडी यांचा विशाल संग्रह उभारून घरगुती वस्तूंना इतिहासाच्या पंक्तीत बसविले. परंतु वस्तू जेथे होती ती जागा, तो थर आणि तिच्या शेजारी काय होते याची नोंद झाली नाही, तर तिचा अर्धा जबाब कायमचा बुडतो. आणि आज पुणे, नाशिक, सातारा येथे जुने वाडे पाडले जात असताना नेमके हेच घडत आहे. यंत्राने चार दिवसांत पाया उचलला जातो आणि चुलीची राख, फुटक्या बांगड्या, चिनी मातीची खापरे व बुजलेले आड हे सारे ट्रकांत भरून गावाबाहेर जाते. म्हणून ज्यांच्या मालकीचे असे वाडे आहेत त्यांस माझी विनंती आहे की, कुदळ लावण्यापूर्वी नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, नजीकच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकास बोलवावे, आणि माजघर, गोठा व परसू येथील माती चाळल्यावाचून हलवू नये. देवघरातील कागदांचे रुमाल आपण जपले. परसातील मातीही तितक्याच आस्थेने जपली पाहिजे.