गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मानवी पॅपिलोमा विषाणू

कर्करोग संसर्गजन्य नाही, हे विधान सर्वसाधारणपणे खरे असले तरी त्यास कारणीभूत ठरणारे काही विषाणू संसर्गाने पसरतात. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क निरोगी कोंबडीस टोचून तशीच गाठ निर्माण केली. या कार्यास नोबेल पारितोषिक मिळण्यास मात्र १९६६ साल उजाडावे लागले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे खापर १९७० च्या दशकात हर्पिस विषाणूवर फोडले जात होते. हॅराल्ड झुर हाउसेन यांनी हे मत नाकारले. त्यांच्या गटाने १९८३ व १९८४ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे अनुक्रमे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगग्रस्त ऊतींतून वेगळे केले. या रोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे उद्भवतात.

स्वतःच्या प्रती काढण्यासाठी या विषाणूस विभाजनशील पेशीची यंत्रणा लागते. त्याचे ई-६ प्रथिन पेशीतील पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडविते, तर ई-७ हे आरबी प्रथिन निष्प्रभ करते. विभाजनावरील दोन्ही लगाम असे सुटतात. बहुतेक संसर्ग दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. टिकून राहिलेल्या संसर्गापासून कर्करोग होण्यास मात्र सामान्यतः अनेक वर्षे लागतात. वैद्यकशास्त्राला संधी मिळते ती याच अवधीत.

२००६ पासून उपलब्ध झालेल्या लसींत विषाणूच्या बाह्यकवचाचे केवळ एल-१ प्रथिन असते, जनुकीय द्रव्य नसते. झालेला संसर्ग लस बरा करीत नाही. म्हणून ती किशोरवयातच देणे श्रेयस्कर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

प्रौढ स्त्रियांसाठी तपासणी हाच मार्ग उरतो. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या डीएनएची एकदाच चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठीच्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. पेशीपरीक्षण वा ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी यांनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. तुलना-गटास नियोजित चाचणी देण्यात आली नव्हती, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.