विश्लेषण : थंडीत जुनी गाडी अडखळते, दोष कार्ब्युरेटरचा की थंड मॅनिफोल्डचा?

धान कापणी आटोपली की साकोली परिसरात तलावांवर पहाटे धुके उतरू लागते. अशा दिवसांत कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. चोक ओढल्यावर इंजिन सुरू होते, पण चोक सोडला की बंद पडते. रेस दिली तर अडखळते. मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला जातो, जेट बदलले जातात, कधी दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर बसवला जातो. तरीही फरक पडत नाही. अशा वेळी तपासायचा भाग अनेकदा कार्ब्युरेटरच्या खाली असतो. तो म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड.

मॅनिफोल्ड गरम का हवा?

कार्ब्युरेटरमधून निघालेले हवा आणि पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारी फाटे असलेली नळी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. पेट्रोल तिथे थेंबांच्या रूपात येते आणि वाटेत त्याची वाफ व्हावी लागते. वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते. सॅनिटायझर लावल्यावर हात गार पडतो, तसेच हे आहे. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांनी किंवा त्याहूनही खाली जाऊ शकते. म्हणजे बाहेर १० अंश असताना, हवा दमट असेल तर आत चक्क बर्फ जमू शकतो. पिस्टन इंजिनच्या लहान विमानांत यासाठीच कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी स्वतंत्र कळ असते.

एकच कार्ब्युरेटर असला की काय होते?

दोन कार्ब्युरेटर काढून एक बसवला, किंवा मूळ कार्ब्युरेटरच्या जागी अडॅप्टर प्लेट लावून दुसरा बसवला, की मिश्रणाचा मार्ग बदलतो. एका कार्ब्युरेटरपासून टोकाच्या सिलिंडरपर्यंतचे अंतर जास्त असते. मॅनिफोल्ड थंड असेल तर पेट्रोल वाटेतच भिंतीला चिकटते. एका सिलिंडरला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी मिळते. इंजिन ‘मिसिंग’ करते, पेट्रोल जास्त लागते आणि धूरही वाढतो.

कंपन्यांनी काय सोय केली होती?

महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत जोडणी सुरू केलेल्या विलीज जीपमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूची उष्णता मॅनिफोल्डला मिळत असे. १९८३ची मारुती ८०० आणि १९८५ची जिप्सी यांच्या इंजिनांत दुसरी पद्धत होती. रेडिएटरचे गरम पाणी मॅनिफोल्डमधून फिरवले जाई आणि थर्मोस्टॅटही मॅनिफोल्डवरच बसवलेला असे.

मग बिघडते कुठे?

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. इंजिन तापू नये म्हणून अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. तो हिवाळ्यात परत बसतोच असे नाही. मग पाणी लवकर तापत नाही आणि मॅनिफोल्ड थंडच राहतो. दुसरी चूक म्हणजे गळती लागली किंवा नवा कार्ब्युरेटर बसवला की मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या बंद करून टाकणे.

ई-२० पेट्रोलने काय बदलले?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५मध्ये गाठले गेले. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषते. शिवाय त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. नव्या गाड्यांतील सेन्सर हे प्रमाण स्वतः जुळवून घेतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. त्यामुळे थंडीतला जुना त्रास ई-२०मुळे अधिक जाणवू शकतो.

उपाय काय?

आधी साधी तपासणी करावी. इंजिन १० मिनिटे चालवून बंद करावे आणि कार्ब्युरेटरखालच्या मॅनिफोल्डला सावधपणे हात लावून पाहावा. तो गार किंवा ओलसर लागला, तर उष्णता पोहोचत नाही. मग कुलंटची पातळी, नळ्या आणि थर्मोस्टॅट पाहावा. कुलंटच्या नळ्या इंजिन थंड झाल्यावरच उघडाव्यात. दाबाखालचे गरम पाणी अंगावर उडू शकते. मॅनिफोल्डला पाण्याची सोय नसेल, तर सायलेन्सरभोवतीची गरम हवा पत्र्याच्या आवरणातून एअर फिल्टरपर्यंत नेता येते. मात्र पेट्रोलची नळी त्यापासून दूर ठेवावी.

उन्हाळ्यात उलटा त्रास होणार नाही का?

होऊ शकतो. जास्त उष्णतेने हवा विरळ होते, ताकद घटते. कार्ब्युरेटरमध्येच पेट्रोल उकळले, तर गाडी बंद पडते. म्हणून गरम ठेवायचा तो मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर नव्हे. दोघांमधली उष्णतारोधक जाड पॅकिंग काढून टाकू नये. पाण्याच्या नळीवर छोटा व्हॉल्व्ह बसवला, तर मार्चमध्ये बंद आणि नोव्हेंबरमध्ये सुरू करता येतो.

कार्ब्युरेटर बदलल्यावर पीयूसी तपासून घ्यावी. इंजिनच बदलायचे असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आवश्यक आहे. पण त्या खर्चात पडण्याआधी, काढून ठेवलेला थर्मोस्टॅट परत बसवून पाहणे केव्हाही स्वस्त.